जादू चालत नाही तेव्हाचा हिरो

या खेपेला पत्रं आणि मेसेज मिळून बरेच आले आणि गंमत म्हणजे अर्ध्याहून जास्त एकाच विषयावर. पाऊस धरलाय, लाईट जातेय येतेय, पोरं घरात कोंडलीत आणि आली लाईट की टीव्हीवर तेच ते जादूचे सिनेमे, त्यामुळे असेल. म्हटलं चला, यावेळचं सदर सगळं त्यावरच करू. पुढे सिनेमांचे शेवट फुटणारेत, पण वीसेक वर्षांहून जुन्या सिनेमांचं काय फुटायचं राहिलंय म्हणा.

प्रश्न : मी एसवायबीएला आहे, वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते. 'फँटसी सिनेमातल्या बालनायकाचं व्यक्तिचित्रण' असा प्रोजेक्ट आहे आणि मी पहिला हॅरी पॉटर घेतला. मी लिहिलं की तो शूर आहे, प्रेमळ आहे, मित्रांना जीव लावतो, अन्यायाविरुद्ध लढतो वगैरे. मॅडमनी लाल पेनाने लिहिलं, 'ही गुणांची यादी झाली.' मग व्यक्तिचित्रण म्हणजे अजून काय लिहायचं? परत सबमिट करायचंय, प्लीज लवकर उत्तर द्या.

तुझ्या मॅडमचं बरोबर आहे गं. तू लिहिलंस ते खोटं नाहीये, पण शूर, प्रेमळ, मनमिळाऊ हे लग्नाच्या स्थळाच्या माहितीत लिहितात तसं झालंय. 'मुलगा निर्व्यसनी व घरंदाज' वाचून कधी कुणाला मुलगा कळलाय? तो कळतो कांदेपोह्यांच्या वेळी, बशी आणून देणाऱ्या धाकट्या बहिणीशी तो कसा बोलतो त्यावरून. व्यक्तिचित्रण म्हणजे ते, बशीच्या वेळचं वागणं.

आता हे सिनेमात कसं होतं ते बघ. कादंबरीत लेखक सरळ सांगू शकतो की पोराला आतून काय वाटत होतं, कॅमेऱ्याला मात्र डोकं उघडून आत बघता येत नाही. मग एक तर कुणीतरी तोंडाने सांगायचं नाहीतर वागण्यातून दाखवायचं. सांगण्याची पद्धत आपल्याकडे दशावतारात बघितली असशीलच, राजा येतो, बाकड्याजवळ उभा राहतो आणि मी कोण, माझं राज्य कुठलं, माझ्या मनात काय चाललंय हे स्वतःच सांगून टाकतो, आणि तिथे ते शोभतं, कारण लिहिलेली संहिता नसते, आत रंगपटात कथा ठरवून घेतलेली असते आणि नट बाहेर येऊन ती आपल्या बोलण्यावर उभी करतो. सिनेमातल्या अकरा वर्षांच्या पोराने असं केलं तर लोक हसतील. त्याला दाखवावंच लागतं.

म्हणून तो २००१ चा सिनेमा परत लाव आणि जादू विसरून बघ. झाडू, कांड्या, ड्रॅगन सगळं डोळ्याआड कर. पोरगा पहिल्यांदा नीट दिसतो तो जिन्याखालच्या कपाटात, वर मावसभाऊ मुद्दाम पायऱ्यांवर धाडधाड उड्या मारतोय आणि याच्या डोक्यावर धूळ पडतेय. एक अक्षर डायलॉग न घालता घरात याची जागा कुठे ते कळलं. मग स्वयंपाकघर, मावशी याला नाश्ता करायला लावते आणि तिकडे मावसभावाला वाढदिवसाचे छत्तीस गिफ्ट, आणि तो रडतोय की मागच्या वर्षी सदतीस होते! आता लेखकाला वाटलं असतं तर हा आपला नायक तिथे भांडला असता किंवा कोपऱ्यात रडला असता. तो दोन्ही करत नाही, गप्प राहून बघत असतो. हे 'बघत राहणं' लिहून ठेव, पुढे उपयोगी पडेल.

आणि मग प्राणिसंग्रहालयातला सीन. माझ्या मते अख्ख्या सिनेमातलं पोराचं सगळ्यात चांगलं व्यक्तिचित्रण इथे आहे आणि लोक तो सीन फक्त काच गायब होते म्हणून लक्षात ठेवतात. मावसभाऊ काचेवर धपाधप मारतो, साप हलत नाही, तर हा म्हणतो झोपलाय तो. भाऊ कंटाळून जातो. मग एकट्याने उभा राहून हा पोरगा सापाची माफी मागतो, म्हणतो त्याला कळत नाही रे, रोज इथे असं पडून राहायचं आणि लोकांनी काचेला तोंडं लावून बघायचं म्हणजे कसं असतं ते. नंतर विचारतो घरच्यांची आठवण येते का. साप पाटीकडे मान वळवतो, पाटीवर लिहिलेलं असतं की हा पिंजऱ्यातच जन्मलेला. आणि पोरगा म्हणतो, माझंही तसंच, मीही आईबापांना कधी बघितलं नाही. आपण जादूगार आहोत हे अजून त्याच्या गावीही नाही. म्हणजे शक्ती दिसायच्या आधी सिनेमाने काय दाखवलं? कोंडलेल्याला कोंडलेल्याचं कळतं, एवढंच. तू 'प्रेमळ' असा एक शब्द टाकून पुढे गेलीस ना, त्या शब्दाचं मांस हे आहे.

मुद्दाम पुस्तक काढून ताडून बघ, पुस्तकात साप ब्राझीलचा आहे आणि बोलणं 'म्हणजे तू ब्राझीलला कधी गेलाच नाहीस तर' इथपर्यंत जातं. सिनेमात साप बर्माचा केला, ते एक सोड, पण आईबापांचं वाक्य आत घातलं. का घातलं असेल, यावर तू एक पान लिहिलंस तर मॅडम खूश होतील, कारण पुढचा सगळा सिनेमा त्या एका वाक्यावर उभा आहे.

कसा ते सांगते. मध्यावर तो आरसा येतो, ज्यात माणसाला स्वतःची सगळ्यात खोल इच्छा दिसते. त्याचा शाळेतला मित्र रॉन बघतो तर तो स्वतः हेड बॉय, हातात खेळाचा कप. घरात इतके भाऊ पुढे असलेल्या पोराला दुसरं काय दिसणार! आणि आपल्या नायकाला, ज्याला सगळी जादूची दुनिया नावाने ओळखते, त्याला दिसतात फक्त आई आणि बाबा मागे उभे. तो रात्री परत परत जाऊन आरशासमोर फतकल मारून बसतो. शौर्य वगैरे काही नाही तिथे, उलट जरा वाया चाललेला पोरगा आहे, आणि म्हाताऱ्या हेडमास्तरला त्याला तिथून उठवावं लागतं. मला असे सीन फार आवडतात ज्यात हिरो आपल्याला थोडा काळजीचा वाटतो.

मग शेवटच्या सीनमध्ये तोच आरसा परत. खलनायक त्याला मारायची धमकी तर देतोच पण त्याहून वाईट करतो, आमिष देतो की तुझे आईबाप तुला परत मिळतील, अमर करणारा तो जादूचा दगड दे. बघ, साप, आरसा आणि हे आमिष, तिन्ही ठिकाणी एकच दुखरी जागा दाबलीय, दर वेळी जरा जास्त जोरात. आणि तो नाही म्हणतो. आता तू लिही 'शूर', आता त्या शब्दाला वजन आलं. ट्रोलच्या, म्हणजे त्या धिप्पाड राक्षसाच्या, नाकात कांडी घालणं हे काही फार मोठं शौर्य नव्हे, ती दोन घाबरलेल्या पोरांची झटापट होती (आणि म्हणूनच चांगली होती). वर दगड त्याला मिळतो तोही कसा, तर ज्याला तो शोधायचाय पण वापरायचा नाहीये अशालाच मिळेल असं करून ठेवलेलं असतं. म्हणजे परीक्षा शक्तीची नव्हतीच.

मधले छोटे सीनही सोडू नकोस. ट्रेनमध्ये रॉनकडे फक्त घरचे सँडविच, तो ओशाळून नको म्हणतो, आणि याने खिशात हात घालून खाऊची अख्खी गाडीच विकत घेतली. आयुष्यात पहिल्यांदा खिशात पैसे आलेत आणि ते खर्च करायचे वाटून खाण्यावर. बढाई आहे की चांगुलपणा? माझ्या मते दोन्ही, आणि तेच बरं आहे. किंवा समुद्रातल्या खडकावरची ती झोपडी, बाहेर वादळ, आणि हा जमिनीवर धुळीत बोटाने केक काढून स्वतःच्याच वाढदिवसाच्या मेणबत्त्या फुंकतो. आपल्याकडे जुलैत मालवणच्या किनाऱ्यावरच्या घरात रात्र काढलेल्याला तो आवाज ओळखीचा वाटेल, लाटा आणि वारा यातलं काय चाललंय ते कळत नाही असा. सेकंदभर सीन आहे पण मला तरी तो हजार गिफ्टच्या सीनपेक्षा जड वाटतो.

मॅडमनी वर्गात 'फ्लॅट' (एकाच बाजूची) आणि 'राउंड' (अनेक बाजू असलेली) पात्रं शिकवली असतील, ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने १९२७ मध्ये केलेली ती विभागणी. त्याची खरी कसोटी सोपी आहे, पात्र तुम्हाला पटेल असं चकित करतं का. ती कसोटी आपल्या पोराला लाव, पण प्रामाणिकपणे लाव, पहिल्या सिनेमात तो कितीदा खरंच चकित करतो? दोन-तीनदा फार तर. तसं लिहायला घाबरू नकोस, पोरगा पहिल्या भागात बराचसा सरळसोट आहे असं लिहिलंस तरी मार्क जाणार नाहीत, पुरावा दिलास तर.

राहता राहिला 'विकास' हा शब्द. तो एका सिनेमात कमी आणि आठांत जास्त आहे. २००१ ते २०११, आठ सिनेमे, चार दिग्दर्शक आणि तेच पोरगं आपल्यासमोर वाढतंय, आवाज फुटतोय, खांदे रुंदावताहेत. तिसऱ्या भागात, २००४ च्या, एक सीन आहे ज्याचा पहिल्या भागातल्या आरशाशी थेट संबंध आहे. तळ्याच्या काठावर हा मरायला टेकलाय, पलीकडून कुणीतरी प्रचंड प्रकाशाची जादू करून वाचवतं, आणि याची खात्री की ते आपले बाबाच होते. मग काळात मागे जाऊन तो त्याच तळ्याच्या दुसऱ्या काठावर दडून वाट बघत बसतो, बाबा येतील, आता येतील. कुणी येत नाही. आणि त्याला कळतं की जो दिसला होता तो आपण स्वतःच. आरशासमोर बसणारा पोरगा ते हा पोरगा, हा झाला विकास. त्या तिसऱ्या भागाच्या दिग्दर्शकाने, अल्फोन्सो क्वारोनने, मुख्य कामं करणाऱ्या तिन्ही पोरांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितला होता. हुशार मैत्रीण हर्मायनी झालेल्या एमा वॉटसनने पानंच्या पानं भरून दिली, हॅरी झालेल्या डॅनियल रॅडक्लिफने एक पान, आणि रॉन झालेल्या रुपर्ट ग्रिंटने दिलाच नाही, कारण रॉनने दिला नसता! यापेक्षा चांगलं व्यक्तिचित्रण मी तरी ऐकलं नाहीये.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. पहिला हॅरी पॉटर बघून तो म्हणतो, 'बाबा, हिरो काहीच करत नाही, सगळं ती हर्मायनी करते, बुद्धिबळ रॉन खेळतो, मग हिरो कशाला?' मला उत्तर सुचलं नाही. — एक वडील, गुहागर

मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. त्याने बरोबर पकडलंय. विचारांची कोडी ती सोडवते, बुद्धिबळात रॉन स्वतःचा बळी देतो आणि शेवटचे दहा गुण, ज्यांच्यामुळे यांच्या गटाला शाळेचा कप मिळतो, ते तर नेव्हिल नावाच्या वर्गमित्राला मिळतात, मित्रांनाच अडवायला उभा राहिला म्हणून. मग हिरोकडे उरतं काय? निवड उरते. शाळेत कोण कुठल्या गटात ते ठरवणारी टोपी डोक्यावर ठेवल्यावर ती म्हणते तू स्लिदरिन गटात मोठा होशील, आणि हा पुटपुटत राहतो तिथे नको, तिथे नको. श्रीमंत पोरगा हात पुढे करतो की कुठल्या घराण्यांशी संबंध ठेवायचे ते मी तुला शिकवतो, तर हा म्हणतो ते माझं मला कळतं. बाकीचे हुशारी दाखवतात, याला दर वेळी कुठल्या बाजूला उभं राहायचं ते ठरवावं लागतं.

आणि एक व्यावहारिक कारणही आहे बरं का. हा पोरगा त्या जगात नवखा असल्यामुळे आपल्यालाही सगळं त्याच्याबरोबर कळतं, त्याने विचारायचं आणि दुसऱ्याने सांगायचं. मुंबईचा पाहुणा पहिल्यांदा जत्रेला आला की आपण त्याला देऊळ, अवसर (अंगात येणं), खाजं, नाटक सगळं समजावत फिरतो तसं. पाहुण्याला सगळं येत असतं तर गोष्ट कोण कुणाला सांगणार? त्याची किंमत ही की हिरो कधीकधी नुसता डोळे मोठे करून उभा दिसतो, आणि पहिल्या भागात ते जरा जास्तच झालंय, या बाबतीत मी तुमच्या मुलाच्या पार्टीत.

प्रश्न : मी सातवीत आहे. मी एक गोष्ट लिहितोय, माझ्या हिरोला चौदा शक्ती आहेत. तो उडतो, अदृश्य होतो, पाण्यात श्वास घेतो, माशांशी बोलतो. मित्र म्हणतात बोअर आहे. काय करू? — देवगड

तेरा शक्ती काढून टाक. माशांशी बोलणं ठेव, मस्त आहे ते. आता विचार कर, याच्या बाबांची होडी आहे आणि ते रोज पहाटे मासे पकडायला जातात. आणि मासे याच्याशी बोलतात. संध्याकाळी ताटात बांगडा आला की हा काय करेल? आईला काय सांगेल? ते लिही आणि मला पाठव.

आमच्या शेजारी एक म्हातारे राहायचे, आयुष्यभर दशावतारात कामं केलेले. शाळेच्या गॅदरिंगसाठी मी बालनाट्य लिहून त्यांना वाचून दाखवलं तेव्हा माझाही हिरो तुझ्यासारखाच होता, सगळं येणारा. ते पडवीत सुपारी कातरत होते, वर न बघता म्हणाले, "तेका काय येता तां लोकांका कळतलाच गो, तेका काय गावला नाय तां आधी सांग." म्हणजे त्याला काय मिळालं नाही ते आधी सांग. मी नाटक परत लिहिलं.

प्रश्न : आपल्याकडे अभिमन्यू, बभ्रुवाहन, लव-कुश असताना आपल्या मुलांनी परदेशी जादूगार पोरांचे गोडवे का गावेत? आपल्या वीर बालकांचं व्यक्तिचित्रण त्यांना कोण शिकवणार? — निवृत्त शिक्षक, कुडाळ तालुका

सर, गोडवे दोघांचेही गाऊ की, कुणी अडवलंय. उलट ही पोरं मला एकाच गोत्राची वाटतात. तुम्हीच नावं घेतलीत ती बघा. बभ्रुवाहन बापाशीच लढायला उभा राहतो. लव-कुश ज्याचा घोडा अडवतात तो आपला बाप आहे हे त्यांना माहीत नसतं. अभिमन्यूचे वडील लढाईत दुसरीकडे गुंतलेले. सगळीकडे पोरगा एकटा आणि बाप जागेवर नाही. ही गाठ माणसांना फार जुन्या काळापासून माहीत आहे.

अभिमन्यूचं तर विचारूच नका. व्यूहात शिरायचं येतं, बाहेर पडायचं येत नाही, आणि हे त्याला स्वतःला माहीत आहे, त्याने तसं मोठ्यांना सांगितलेलंही आहे. मोठे म्हणाले तू फोड, आम्ही मागून येतो. आणि जयद्रथाने मोठ्यांना अडवून धरलं. व्यक्तिचित्रण म्हणून बघितलं तर किती पक्कं काम आहे हे, त्याचं अर्धवट ज्ञानच त्याची ओळख झालंय! सगळं येत असतं तर तो नुसता अर्जुनाचा मुलगा राहिला असता. कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू झाल्या की कुठे ना कुठे हे आख्यान लागतंच, आणि रात्री अडीच वाजता, थंडीत चादर गुंडाळून बसलेली माणसं, ज्यांना शेवट पाठ आहे, ती पण तो शिरताना सावरून बसतात, मी स्वतः बसलेय. मृदंगावर थाप बदलते, पायपेटीचा सूर चढतो आणि चाळिशीतला नट तुम्हाला सोळा वर्षांचा दिसायला लागतो. तो सकाळी ट्रंका उचलून पुढच्या गावाला निघणार असतो, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा म्हणतात ते उगाच नाही.

पण सर, एक तक्रार माझीही. आपण ही पोरं मुलांना शिकवतो ती वर त्या वेंगुर्ल्याच्या मुलीने केली तशीच, 'शूर, आज्ञाधारक, मातृभक्त'. यादी! अभिमन्यू आत शिरण्यापूर्वीच्या रात्री झोपला असेल का, एवढं विचारून बघा वर्गात, पोरं बोलायला लागतील.

प्रश्न : आधी पुस्तक वाचावं की सिनेमा बघावा?

पावसात लाईट असेल तर सिनेमा, नसेल तर पुस्तक.

प्रश्न : गॅदरिंगच्या नाटकात मला जादूनगरीच्या राजकन्येचा रोल आहे, मीच हिरो आहे आणि माझ्याकडे तलवार आहे. सर म्हणतात अजून शूर दिस, अजून शूर दिस. मी ओरडून ओरडून डायलॉग म्हणते तरी त्यांना पटत नाही. — आठवी, रत्नागिरी

ओरडू नकोस, घसा जाईल आणि मागच्या रांगेला नुसता आवाज पोचेल. शूर दिसायचं म्हणून शूर कुणीच दिसत नाही. त्याऐवजी सरांना विचार, ही राजकन्या कशाला घाबरते? नाटकात लिहिलेलं नसेल तर तू ठरव, कुणाला सांगू पण नकोस. समजा ती काळोखाला घाबरते. मग गुहेत शिरायचा सीन येईल तेव्हा धावत शिरू नकोस, दाराशी एक क्षण थांब, तलवारीची मूठ बदलून धर, मागे मैत्रीण आहे ना ते बघ, आणि मग शीर. डायलॉग हळू म्हणालीस तरी चालेल. पहिल्या दोन प्रॅक्टिसला सर ओरडतील की थांबतेस काय, तर नम्रपणे सांग की एकदा बघा कसं वाटतं, मग नाहीतर बदलते.

आणि तलवार पुठ्ठ्याची असली तरी मुठीला सुतळी गुंडाळून घे. आमच्या इथे एका वर्षी ऐन युद्धात एकाच्या हातातून सुटली ती थेट पहिल्या रांगेत प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर, आणि त्या पोराने पात्रातून बाहेर न पडता खाली उतरून, "महाराज, माझं शस्त्र", म्हणून ती परत मागून घेतली. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.